संस्कृतच्या कपाटामागचं पुस्तक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायची सवयच लागली. आणि वेळ तर वारंवार यायची, कारण निवृत्त प्राध्यापकाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात: सर, तुम्हाला घडवणारं पुस्तक कोणतं?

मी दरवेळी एकाच पुस्तकाबद्दल बोललो. त्यात खोटं काही नव्हतं. पण मी त्या पुस्तकाचं काय केलं, ते मात्र गाळून बोललो.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होतो. रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरातला मुलगा, नोकरी लागली यातच खूश. वर्गात जुन्या नोट्स वाचून दाखवायच्या आणि तास संपवायचा. आमच्याच विभागात आबा होते. माझ्याहून थोडे मोठे, पांझरेकाठच्या शेतकरी घरातले. स्टाफरूममध्ये ते शुद्ध मराठी बोलत, चहाच्या टपरीवर आले की अहिराणी. माझ्या नोट्सची त्यांनी मनसोक्त थट्टा केली. "भाऊ, तुन्या नोट्समधल्या नद्या आटी ग्यात रे," म्हणाले, आणि मला ग्रंथालयात घेऊन गेले.

तिथे त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं. इंग्रजांच्या काळातल्या कुणा पाटबंधारे अधिकाऱ्यानं आमच्या फड पद्धतीवर लिहिलेलं. नदीवर छोटा बंधारा, गावाच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी गावानं नेमलेल्या पाटकऱ्यानंच द्यायचं. ज्या बंधाऱ्यांवरून मी एसटीनं जात-येत होतो, त्यांचे नकाशे त्या पुस्तकात होते. मी ते वाचलं — आणि पहिल्यांदा मला माझा विषय दिसला. आणखी कसं सांगू? दिसला, एवढंच.

मग आबांबरोबर रविवारी बंधारे पाहत हिंडणं सुरू झालं. त्यांच्या आईच्या हातचं भरीत-भाकरी खाल्ली. माझ्या पीएचडीचा विषय त्याच पायपिटीतून निघाला. आज माझ्याजवळ जे काही आहे, त्याची सुरुवात त्या माणसापाशी आहे. इथवरचं मी सगळ्यांना सांगत आलो. पुढचं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला जळगावला विद्यापीठात जागा निघाली. एकच जागा. आबांनी अर्ज केला, मीही केला. मुलाखतीत आपल्या संशोधनाचा आराखडा मांडायचा होता, आणि आबांचा सगळा आराखडा त्या नकाशांवर उभा होता. नकाशे मी पूर्वीच ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतले होते. आबांनी घेतले नव्हते, आणि माझ्याजवळ ते आहेत हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पुस्तक ग्रंथालयातच तर आहे, जाईल कुठे?

परीक्षा जवळ आली की मुलं हवं ते पुस्तक भलत्याच कपाटात दडवून ठेवत, म्हणजे दुसऱ्या कुणाला मिळू नये. असं करताना कुणी सापडला तर आम्ही दोघंही त्याला फैलावर घ्यायचो. — मी तेच केलं. माझ्या नावावर घेतलं असतं तर आबांनी मागितलं असतं आणि मला द्यावं लागलं असतं. म्हणून एका दुपारी मी ते भूगोलाच्या कपाटातून काढलं आणि संस्कृतच्या कपाटात, जाड शब्दकोशांच्या मागे सरकवून दिलं. तिकडे कुणी फिरकत नसे.

चार-पाच दिवसांनी आबा माझ्याकडे आले. "बठ्ठी कपाटं पाही लिन्ही भाऊ, पुस्तक काही सापडत नही." आणि मी काय केलं असेल? मी त्यांच्याबरोबर शोधायला गेलो. दुपारभर आम्ही दोघं कपाटांतली धूळ खात होतो. संस्कृतचं कपाट आलं तेव्हा मीच पुढे झालो. हे मी पाहतो, म्हणालो. पाहिलं. नाही म्हणालो.

मुलाखतीत आबांना नकाशांबद्दल विचारलं गेलं आणि ते अडखळले, असं नंतर कानावर आलं. माझी निवड झाली. पुस्तक असतं तर जागा त्यांनाच मिळाली असती का? ठाऊक नाही. त्यांना संधी मिळू नये म्हणून मी ते लपवलं होतं, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

धुळं सोडण्याआधी मी पुस्तक गुपचूप जागेवर ठेवलं. वाटलं, मिटलं.

महिनाभरानं आबा जळगावला आले. पारोळ्याजवळ एसटी बंद पडली म्हणून उशीर झालेला, शर्ट घामानं भिजलेला. माझ्या नव्या खोलीत बसले, पाणी प्यायले आणि पिशवीतून पुस्तक काढलं. भूगोलाच्या कपाटातच सापडलं म्हणाले, आपल्याच डोळ्यांना दिसलं नसेल. स्वतःच्या नावावर काढून आणलं होतं. "आते तुले लागी. ठेव तुनाजोडे." आणि वर माझेच आभार मानले, त्या दुपारी त्यांच्याबरोबर शोधत राहिलो म्हणून.

तोंड उघडलं होतं मी. चहा घेणार का, एवढंच विचारलं.

पुढची सगळी वर्षं मी त्या पुस्तकावर शिकवलं, विद्यार्थी घडवले, सत्कार घेतले. आबा धुळ्यातूनच निवृत्त झाले. भेटी होत राहिल्या. दरवेळी एसटीत बसताना मनाशी वाक्य जुळवायचो, आणि त्यांच्या ओट्यावर बसलो की पावसापाण्याचं बोलायचो. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला त्यांच्या मुलानं माझा हात धरला आणि सांगितलं, बाबा तुमच्याबद्दल फार अभिमानानं बोलायचे. मी त्यालाही काही सांगितलं नाही.

वाक्य लहानच होतं. आबा, पुस्तक मी लपवलं होतं, मला माफ करा. तुमच्या ओट्यावर बसून ते एकदाही म्हणालो नाही.