बाटलीवर छापलेली माझी रेघ

जबलपूरच्या एका प्रयोगशाळेत मी संशोधन करत होते. काचेवर सोन्याचा अगदी पातळ थर, त्यावर कर्करोगाच्या जिवंत पेशी वाढवायच्या आणि खालून प्रकाश सोडायचा. औषधाने पेशी खचल्या की त्यांची काचेवरची पकड सुटते, परत येणारा प्रकाश बदलतो आणि पडद्यावरची रेघ खाली येते.

एकदा आमच्या सरांच्या ओळखीने सदर बाजारात कर्करोगावरचा काढा विकणारा एक काढेवाला आला. त्याचा काढा पेशींवर टाकला आणि रेघ धाडकन कोसळली. तो टाळ्याच पिटायला लागला. मला खरं वाटेना, म्हणून निरोगी पेशींवरही तोच टाकला. त्याही तशाच सुटून आल्या.

"भैया, ये तो अच्छी सेल भी मार रहा है."

"वो छोड़िए दीदी, पहलेवाला ग्राफ दे दीजिए."

सरांनी तो देऊनही टाकला.

पुढे, मी राहायचे त्या घमापुरात, शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांना स्तनाचा कर्करोग होता. खाटेजवळ त्याच काढ्याची बाटली होती आणि लेबलवर माझी रेघ. खाली छापलं होतं, 'मशीन से प्रमाणित'.

"काकू, इस्पितळातलं औषध?"

"बंद केलं. लय उलट्या होत होत्या. हे काहून नको? तुमच्याच मशीनवर तपासलंय ना!"

मी त्यांना ऑटोने प्रयोगशाळेत नेलं, निरोगी पेशींवर काढा टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशी आक्रसून गोल झाल्या, तरंगायला लागल्या.

"ह्या चांगल्यावाल्या?"

"हो."

काकू बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. "अन् मी हे रोज पिऊन राहिली होती," एवढंच म्हणाल्या.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले आणि तो ग्राफ का दिला, असं विचारलं. काढेवाल्याने पाठवलेला पेढा त्यांच्या तोंडात होता. "ग्राफ खोटा आहे का? मग झालं तर," चघळत म्हणाले. ग्राफ खरा होता, त्याचीच किळस आली. महिन्याभरात मी ती जागा सोडली.

काकूंनी उपचार पुन्हा सुरू केले, पण तोवर गाठ वाढली होती. स्तन काढावा लागला. त्या वाचल्या.

नंतर एकदा सदरमध्ये काढेवाल्याने मला हात जोडले. "दीदी, सिहोरा में भी दुकान खोल ली, आपकी दुआ से."

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर थुंकले आणि चालू लागले.