साडूंचा नकाशा

माझ्या साडूंना इस्पितळात नोकरी मीच लावली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या हकिकतीत माझ्या बाजूने बोलण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे.

त्यांचे वडील गवंडी, आणि ते स्वतः तेरा वर्षं एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन. आर्किटेक्ट वारले, ऑफिस बंद झालं आणि माझी मेहुणी आमच्या स्वयंपाकघरात बसून रडली. बायको म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटर विभागात बघा ना काहीतरी." त्या विभागात मी एकवीस वर्षं होतो. आमचे साहेब वर्षाअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मला मिळणार हे इतकं ठरलेलं होतं, की सासूबाई शेजारणींना सांगून मोकळ्याही झाल्या होत्या. मी मोठ्या मनाने साडूंना चिकटवून दिलं. स्वतःच्या पायावर धोंडा कसा मारून घ्यावा हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं.

त्यांना काम दिलं होतं फुटकळ. कुठल्या विभागात कुठला प्रोग्राम चालतो, त्याची यादी करायची. दुसऱ्या कुणी खुर्चीत बसून आठवड्यात उरकली असती. हे गृहस्थ अडीच महिने इस्पितळभर चालत होते. केसपेपरच्या खिडकीतून एखादा कागद निघाला की त्याच्या मागोमाग प्रयोगशाळेत, तिथून एक्स-रेला, तिथून वॉर्डात. कानावर पेन्सिल असायचीच. नर्सना विचारायचे, "ताई, हा रिपोर्ट तुमच्याकडे कुठल्या दाराने येतो?" त्या हसायच्या, मीही हसायचो. "आमचे मिस्त्री" हे नाव मीच ठेवलं आणि चहाच्या वेळी चारचौघांत खपवलं.

मग त्यांनी नकाशा आणला. भिंतभर कागद. विभाग म्हणजे खोल्या, माहिती जाते-येते ती दारं. एकाच रुग्णाचं नाव तीन ठिकाणी लिहून घेतात, तिथे त्यांनी शेजारी शेजारी तीन जिने काढले होते, तिन्ही एकाच मजल्यावर जाणारे. औषधांच्या खोलीला दारच नव्हतं. तिथला माणूस दिवसभर फोन करून वॉर्डात काय हवंय ते विचारतो, म्हणून त्याला खिडकीतून चढताना दाखवला होता.

"घर बांधताना आपण आधी विचारतो, इथे राहणार कोण, सकाळी उठून कुठे जाणार," साडू म्हणाले. "इथे ज्याने त्याने आपापली खोली बांधली. घर कुणीच बांधलं नाही."

मोठे डॉक्टर, म्हणजे इस्पितळाचे प्रमुख, त्या कागदासमोर दहा मिनिटं उभे होते. माझ्या कुठल्याही कागदासमोर ते कधी उभे राहिले नव्हते. जाताना साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, आपलं इस्पितळ आज मला दिसलं." मी चिडवायला ठेवलेलं नाव त्यांच्या तोंडी पदवी होऊन बसलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकवीस वर्षं बीळ मी पोखरलं आणि हे आयते नागोबा. संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "धाकट्या जावयांनी म्हणे अख्ख्या इस्पितळाचा नकाशा काढला. तुम्हाला कधी सुचलं नाही का हो?" मला जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात साडू माझ्या टेबलाशी आले.

"दादा, एक विचारायचं होतं. 'जुळणी' नावाचा एक जुना प्रोग्राम आहे. कशासाठी आहे ते कुणालाच सांगता येत नाही. प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यात नवं दार पाडायचंय, तर तो मध्ये येतो. ही भार घेणारी भिंत आहे, की नुसतं पार्टिशन?"

जुळणी मी लिहिली होती, एकोणीस वर्षांपूर्वी. जुन्या रुग्णांचे कार्ड नंबर जुने. प्रयोगशाळा अजून तेच वापरते. जुळणी तो जुना नंबर नव्याशी जोडते. ती काढली की जुन्या रुग्णांचे रिपोर्ट वॉर्डात पोचायचे नाहीत. हे मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. लिहून ठेवलं की आपली गरज संपते, अशी माझी पहिल्यापासूनची समजूत.

"पार्टिशन," मी म्हणालो. "पाडा खुशाल."

खुर्चीचा निर्णय पंधरा दिवसांवर आला होता. पाडापाडी रविवारी ठरली होती. एक दिवस गोंधळ होईल, नकाशाची शोभा होईल, मग मी धावत जाऊन सगळं सुरळीत करीन, असा माझा हिशेब. कुणाचा जीव जाणार नाही, असंही मी स्वतःला बजावलं. शनिवारी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला.

रविवारी सकाळी गंमत बघायला गेलो. साडूंनी प्रत्येक वॉर्डात एकेक माणूस फोन देऊन उभा केला होता. प्रयोगशाळेत सगळे रिपोर्ट कागदावर काढून तयार ठेवले होते.

"पार्टिशन पाडायला एवढी फौज?" मी विचारलं.

"टेकू लावलेत, दादा. बाबा साधं पार्टिशनसुद्धा टेकू लावल्याशिवाय पाडायचे नाहीत. सांगणाऱ्यावर विश्वास नाही असं नाही, पण छत कुणाचं ऐकत नाही."

जुळणी बंद केली. बाराव्या मिनिटाला तिसऱ्या वॉर्डातून फोन आला. एका आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट दिसत नव्हता, आणि डॉक्टर त्यासाठीच थांबले होते. साडूंनी कागदी रिपोर्ट पळवला, जुळणी पुन्हा चालू केली, आणि नकाशावरची जुळणीची रेघ जाड केली. मला धावत जायला कुणी सांगितलंच नाही.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"हा प्रोग्राम कुणाचा?"

"दादांचा," साडू म्हणाले.

"आणि काढायला हरकत नाही, असं कुणी सांगितलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तसे साडूच घाईने म्हणाले, "सर, एकोणीस वर्षं झाली. माझे वडील स्वतः बांधलेल्या भिंती विसरायचे. माणूस विसरतो."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. आता विसरलो म्हणावं तर बावळट ठरणार, आणि आठवत होतं म्हणावं तर हलकट.

"हो," मी म्हणालो. "विसरलो."

डॉक्टरांनी मला कणवेने बसायला खुर्ची पुढे केली. साहेबांची कुणाला मिळाली ते सांगायला नकोच.

निर्णय झाला त्या संध्याकाळी बायको भाजी चिरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जुळणी विसरलात म्हणे."

"हो."

"लग्नानंतर वर्षभर तुम्ही मला दुसरं काही सांगितलं नाहीत. जुना नंबर, नवा नंबर, मधे जुळणी. मला अजून पाठ आहे."

मी उगाच कोथिंबीर निवडायला घेतली.

"धाकटीला मी कळू देणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला कळायला हवं. तिचे यजमान त्या रविवारपासून रोज त्या आजोबांना भेटून येतायत. आपल्या हातून चूक झाली म्हणतात."

लाज वाटली, पण नंतर. आधी हेवाच वाटला.