सईच्या आईची सही

कुठलाही कागद हातात आला की ताई तो उलटा करायच्या आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करायच्या. "पहिल्या पानावर सगळेच गोड बोलतात," त्या म्हणायच्या, "खरं काय ते शेवटी असतंय." मग ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी काढून ती ओळीखाली धरायच्या. एक ओळ संपली की पट्टी एक ओळ खाली. समोर कुणीही बसलेलं असो, पट्टीचा वेग बदलायचा नाही.

जयपूरच्या आमच्या विमा कार्यालयात त्या दावे तपासायच्या. मी नाशिकहून बदली होऊन आले तेव्हा जगतपुऱ्यातल्या त्यांच्याच इमारतीत मला घर मिळालं. त्या तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. त्या मिरजेच्या. तिकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी बघतो" म्हणायच्या, आणि हिंदीतही तेच करायच्या. "मैं देखता हूँ," त्या म्हणाल्या की आमचा शिपाई हळूच सुधारायचा, "देखती हूँ, मैडमजी." त्यावर ताई म्हणायच्या, "अरे भैया, देखना होना चाहिए ना, बस."

इमारतीच्या लिफ्टचा करार आला तेव्हा सोसायटीची मंडळी एका रविवारी सह्या घेत फिरत होती. ताईंनी त्यांना पाऊण तास बसवून ठेवलं, चहा दिला, आणि दुरुस्तीचा खर्च दर वर्षी आपोआप वाढेल असं म्हणणारी ओळ शोधून काढली. तेव्हापासून भाडेकरार, शाळेचे फॉर्म, गाडीच्या विम्याचे कागद, सगळं तिसऱ्या मजल्यावर जायला लागलं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यासमोर कागद ठेवताना आपणच काहीतरी लपवतो आहोत असं वाटायला लागतं.

त्यांची मुलगी सई. ती सातवीत असताना तिचे वडील गेले. त्यांच्या मागे जे पैसे आले त्यातून ताईंनी हा फ्लॅट घेतला. सई लहानाची मोठी जयपूरमध्येच झाली. तिचं मराठी अडखळत चालायचं, मध्येमध्ये "मतलब" यायचं. बारावीपासून तिला एकच करायचं होतं, विमान चालवायचं. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपता संपता एका विमान कंपनीच्या कॅडेट पायलट कार्यक्रमाच्या परीक्षेत ती पास झाली. मुलाखत झाली, डोळ्यांपासून हृदयापर्यंत सगळ्या तपासण्या झाल्या. मग करार आला.

त्या दिवशी ताईंनी मला वर बोलावलं. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. सई समोर बसून स्वतःच्या बोटांशी खेळत होती. ताईंनी शेवटचं पान काढलं, पट्टी ठेवली आणि मोठ्याने वाचलं. प्रशिक्षणानंतरची नेमणूक कंपनीच्या त्या वेळच्या गरजेनुसार. प्रशिक्षण मध्येच सोडल्यास भरलेली रक्कम परत मिळणार नाही. जादा तास लागल्यास त्यांचा खर्च वेगळा.

"सई, गरजेनुसार म्हणजे काय?"

"मतलब, देतात गं आई. सगळ्यांना देतात."

"तसं इथं लिहिलेलं नाही."

प्रशिक्षणाची रक्कम त्यांच्या राहत्या फ्लॅटच्या किमतीपेक्षा जास्त होती. बँकेने फ्लॅट तारण मागितला होता, आणि उरलेल्या पैशांसाठी ताईंनी आपली भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक काढायची ठरवली होती. मला वाटलं, त्या आता पट्टी बाजूला ठेवून नाही म्हणतील. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि एकेका पानावर सही केली.

ताई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मी विचारलं, "ताई, दुसऱ्या कुणाचा कागद असता तर?"

"तर करू दिली नसती," त्या म्हणाल्या. "तू तिचं तोंड बघितलंस ना? मी पण बघितलं. काय करणार."

सई मध्य प्रदेशातल्या एका लहान गावाजवळ, एका फ्लाइंग स्कूलमध्ये गेली. पहिले काही महिने ताई रोज डबा उघडता उघडता बातमी द्यायच्या. आज हवा खराब होती, उड्डाण झालं नाही. आज विमान दुरुस्तीला. आज सोलो, म्हणजे सई एकटी वर जाऊन आली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या कार्यालयाला कचोरी खाऊ घातली आणि स्वतः एक घासही खाल्ला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. ताईंसमोर मुरलीपुऱ्याहून आलेल्या एक बाई बसल्या होत्या. नवऱ्याचं वेल्डिंगचं छोटं दुकान, तो दोन महिन्यांपूर्वी गेला होता. तिसऱ्यांदा आल्या होत्या, दर वेळी एक कागद कमी पडत होता. तेवढ्यात माझ्या फोनवर बातमी आली. प्रशिक्षणाचं विमान शेतात कोसळलं. गावाचं नाव तेच होतं.

मी उठले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी वाचलं, फोन परत दिला आणि आपल्या फोनवरून सईला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. फ्लाइंग स्कूलचा नंबर व्यस्त.

"ताई, चला, साहेबांच्या केबिनमध्ये बसू."

"तू लावत राहा," त्या म्हणाल्या. आणि समोरच्या बाईंना म्हणाल्या, "हाँ जी, दिखाइए."

मी पलीकडे उभी राहून नंबर लावत होते आणि त्यांच्याकडे बघत होते. पट्टी ओळीखाली होती, पण ती हलत नव्हती. बराच वेळ एकाच ओळीखाली राहिली. मग एक ओळ सरकली. मग आणखी एक. त्या बाईंना काहीच कळलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मैडमजी, आज हो जाएगा ना? दो बस बदलके आती हूँ."

"हो जाएगा," ताई म्हणाल्या. "यहाँ दस्तख़त कीजिए."

बाईंनी एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. ताईंनी शिक्का मारला, पोच दिली, हात जोडले. बाई दाराबाहेर गेल्या, आणि मगच ताईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मला तर तास उलटल्यासारखे वाटले. घड्याळात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं झाली होती. फोन वाजला. सईचा नव्हता, तिच्या बरोबरच्या एका मुलाचा होता. सई जमिनीवर होती, सुखरूप होती. विमानात तिच्या खोलीतली मैत्रीण होती, आणि प्रशिक्षक. दोघं जिवंत होते. मैत्रिणीचा पाय आणि पाठीचा मणका मोडला होता.

"कुणाची पोर ती?" ताईंनी पहिल्यांदा हेच विचारलं. "तिच्या आईला कुणी कळवलं का?"

संध्याकाळी सईशी बोलणं झालं. मी ठीक आहे, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ताईंनी चौथ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला. "ही नको तितकी ठीक आहे," त्या मला म्हणाल्या. "तू येतेस का बरोबर?"

मी गेले. होस्टेलच्या खोलीत दोन पलंग होते. एकावर चादर घडी घालून ठेवलेली, खाली मैत्रिणीचे बूट तसेच. सई दुसऱ्या पलंगाच्या कडेवर बसली होती.

"परवा माझं फ्लाइंग आहे," ती म्हणाली.

"भीती वाटते?"

"नाही."

"मला वाटते," ताई म्हणाल्या.

सईने मान खाली घातली. म्हणाली, "आई, आता सोडलं तर काहीच परत मिळत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. मीच वाचलंय."

"मग? फ्लॅट?"

"फ्लॅटचं मी बघतो. तू फ्लॅटसाठी वर जायचं नाहीस. ऐकलंस? हप्त्यासाठी अजिबात नाही."

तेव्हा सई रडली, आणि रडता रडता सगळं सांगितलं. अपघातानंतर ती दोनदा वर गेली होती. दोन्ही वेळा उतरताना हाताला कापरं भरलं होतं. प्रशिक्षकांना सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर ते थांबवतील, जादा तास लावतील, आणि त्या तासांचे पैसे आई कुठून आणणार?

ताईंचा चेहरा मी त्या वेळी पाहिला तसा कधी पाहिला नव्हता. कार्यालयात नंबर लावत होते तेव्हाही नाही.

"आत्ता जा आणि त्यांना सांग," त्या म्हणाल्या.

"ते मला बसवून ठेवतील, आई."

"ठेवू देत."

सई गेली. आम्ही व्हरांड्यात उभ्या होतो. समोरच्या धावपट्टीवरून एक छोटं विमान उठलं, फिरून आलं, उतरलं, पुन्हा उठलं. प्रत्येक वेळी ते उतरेपर्यंत ताई बोलायच्या थांबायच्या. अर्ध्या तासाने सई बाहेर आली. पंधरा दिवसांची सुट्टी आणि परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून उतरण्याचा सराव. मुख्य प्रशिक्षक म्हणाले होते, बरं झालं सांगितलंस.

जयपूरला आल्यावर पहिले काही दिवस सईने विमानाचा विषय काढला नाही. आईबरोबर भाजी आणायची, माझ्याकडे येऊन गप्पा मारायची. दहाव्या की अकराव्या दिवशी मी वर गेले तर मायलेकी मटार सोलत होत्या.

"आई," सई म्हणाली, "समज, कर्ज नाहीच. मतलब, एक रुपया पण नाही. तरी मला जायचं असेल तर?"

ताईंनी हातातली शेंग सोलली. दाणे ताटात टाकले. आणखी एक सोलली.

"तर जा," त्या म्हणाल्या.

नंतर मला एकटीला म्हणाल्या, "नको, हा शब्द अगदी जिभेवर आला होता बघ. गिळला."

सईने प्रशिक्षण पूर्ण केलं. लायसन्स मिळालं. आणि त्यानंतर कंपनीचं पत्र आलं. तिच्या तुकडीच्या नेमणुका पुढील सूचनेपर्यंत थांबवल्या होत्या. चूक कुणाचीच नव्हती, सगळं करारात लिहिलेलं होतं. ताईंनी पत्र वाचून त्याची घडी घातली आणि एवढंच म्हणाल्या, "हे असं होणार, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून सही केली. तेव्हा आता तक्रार नाही."

सई जयपूर विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा वजनाला लावायच्या काउंटरवर नोकरीला लागली. लायसन्स टिकवायचं तर ठरावीक तास उडावं लागतं, मेडिकल करावं लागतं, त्यालाही पैसे. शेवटी ताईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कर्ज फेडायला फ्लॅट विकला. मिरजेला भावाच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या. सईला जुन्या फ्लाइंग स्कूलमध्ये नव्या मुलांना शिकवायचं काम मिळालं होतं. पगार थोडा, पण उडायला मिळणार होतं. विमान कंपनीचं बोलावणं अजून आलेलं नाही. ताई महिन्यातून एकदा फोन करतात, आणि मी विचारण्याआधीच सांगतात, "नाही आलं. पण ती बरी आहे. खरंच बरी आहे, मी बघून आलो."

इमारतीतले लोक अजूनही कागद घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत जातात आणि पाटीवरचं नवीन नाव बघून खाली येतात.

त्या गेल्या त्या दिवशी सकाळी सामान न्यायला माणसं आली होती. कपाट, टेबल, सगळं खाली गेलं. मी चहा घेऊन वर गेले तर चौघं जण जिन्यात उभे होते आणि ताई दारात. सई पहाटेची शेवटची पाळी करून आली होती आणि रिकाम्या खोलीत, उरलेल्या एका गादीवर, गणवेशातच झोपली होती. अंगावर उन्हाचा चौकोन पडला होता.

"मैडमजी, बस वो गद्दा रह गया है," त्यांच्यातला एक म्हणाला. "ट्रक वाला चिल्ला रहा है."

ताईंनी एक हात चौकटीवर आडवा धरला.

"पाँच मिनट, भैया," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सो रही है."