सर्व्हर बंद होण्याआधीची शर्यत

एका रविवारी सकाळी मी गेमच्या कंट्रोलरचं बटण पळीने दाबलं. पळी आचमनाची, तांब्याची. आमच्या घरात अजून सोवळं चालतं. मुकटा नेसून देवांपुढे बसलो, की पूजा आटपेपर्यंत दुसऱ्या कशाला शिवायचं नाही. पण देवघराला लागूनच टीव्हीची खोली, आणि आंघोळीला जाण्याआधी मी गेमचं मशीन चालू करून ठेवलं होतं. म्हटलं, पूजा होईतो अपडेट उतरून जाईल. अर्ध्या अभिषेकात मान वळवली तर पडद्यावर कसलीशी लांबलचक सूचना येऊन अडकलेली. चष्मा काढून ठेवलेला, त्यामुळे वाचता येईना. सोवळ्यात, त्यामुळे शिवता येईना. मग मी मनातल्या मनात शास्त्रार्थ केला, की धातूला विटाळ नसतो. उठलो, पळी लांब धरली आणि तिच्या टोकाने ‘ओके’ केलं. सूचना गेली. वळलो तर दारात बायको.

“धातूला विटाळ नसतो,” मी म्हणालो.

“हो ना. मग आता त्याच पळीने देवांना पाणी घालणार?” ती म्हणाली. “जा, पुन्हा आंघोळ करा. गरम पाणी संपलंय. आणि येताना पळी चिंचेने घासून आणा.”

पन्नाशीकडे झुकलेल्या, बँकेत पेन्शन खात्यांच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाने माघातल्या थंड पाण्याने दुसऱ्यांदा आंघोळ केली. संध्याकाळी गेम खेळताना मुलगी हेडफोनमधून म्हणाली, “बाबा, नोटिस वाचली ना?”

“कुठली?”

“अरे! सकाळी सगळ्यांना आली ना. आपल्या गेमचा सर्व्हर बंद होतोय. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी.”

म्हणजे मी पळीने ढकलून दिली ती ही बातमी.

मुलगी बंगळूरला नोकरी करते. फोनवर आमचं बोलणं असं: बरी आहेस? हो. जेवलीस? हो. आईला देऊ? द्या. पण रविवारी संध्याकाळी ती तिथे आणि मी इथे काशीत, ब्रह्मा घाटाजवळच्या या घरात, दोघं एकाच शर्यतीत गाड्या पळवायला लागलो, की तिचं तोंड सुटतं. वरिष्ठ कसा चिडतो, घरमालकीण फोडणीच्या वासाला कशी कुरकुरते, कोणत्या मैत्रिणीशी बोलणं बंद आहे, हे सगळं मला ताशी तीनशेच्या वेगाने कळलेलं आहे. समोरासमोर बसून ती हे कधीच सांगणार नाही. दोघांचे डोळे रस्त्यावर असले की जमतं. सर्व्हर बंद म्हणजे माझ्या दृष्टीने हे बंद.

“छोडो ना बाबा,” ती म्हणाली. “दुसरा गेम घेऊ.”

मी दुसरे गेम पाहायला बसलो. ज्या चिकाटीने बसलो, तेवढी बँकेच्या परीक्षांना दाखवली असती तर आज मॅनेजर असतो. आणि माझं मत असं बनलं, की गाड्यांचे गेम बनवणाऱ्यांना आता गाडी पळवणं पुरेसं वाटत नाही.

आमचा गेम आर्केड जातीचा आहे. म्हणजे भिंतीवर आपटलात तर गाडी उसळून पुन्हा रस्त्यावर येते, पेट्रोल कधी संपत नाही, आणि समुद्राकाठी बारा महिने सूर्यास्त. नव्यातले अर्धे गेम ‘खरे’ व्हायला निघालेत. टायरमध्ये हवा किती, ब्रेक किती तापले, पावसात कोणता टायर. अहो, या काळज्या मला स्कूटरसाठी आहेत! सकाळी गल्लीत साँड आडवा बसला की तो उठेपर्यंत मी दहा मिनिटं हात जोडून उभा असतो. घरी येऊन पुन्हा खरेपणा कशाला?

उरलेले अर्धे अवाढव्य आहेत. आख्खा देश दिलाय, हिंडा. नकाशावर इतकी चिन्हं, की पंचक्रोशीची यात्रा बरी. मधेच कुणीतरी गेममधली बाई फोन करून सांगते, की तू महान आहेस, आता अमुक ठिकाणी ये. रोज हजेरी लावली तर गाडीला जांभळा रंग मिळणार. हजेरी मी बँकेत लावतो, तिथे रंगसुद्धा मिळत नाही.

आणि सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे एका पलंगावर दोघांनी बसून खेळायची सोय गेली. मुलगी शाळेत होती तेव्हा एकच टीव्ही मधोमध दुभागला जायचा, वर ती, खाली मी. ती कोपराने ढोसायची, मी तिच्या डोळ्यांपुढे हात धरायचो. आता शेजारी बसलेल्या दोघांनाही दोन मशीनं, दोन टीव्ही आणि सातासमुद्रापलीकडचा सर्व्हर लागतो. तो सर्व्हर परवडेनासा झाला की कंपनी आपल्या घरातला गेम तिकडून विझवते. विकत घेतलेला गेम! ठठेरी बाजारातून पातेलं आणलं आणि पुढे दुकानदाराने दुकान बंद केलं, म्हणून आपल्या चुलीवरचं पातेलं गळायला लागतं का? हे मी कंपनीला कळवलं. उत्तरात त्यांनी माझ्या उत्साहाबद्दल आभार मानले.

तेव्हा मी ठरवलं. कंपनी थांबवणं माझ्या हातात नाही. शेवटचा रविवार आहे. तो चुकवायचा नाही, आणि त्या दिवशी जिंकायचं. कारण इतक्या वर्षांत मी मुलीविरुद्ध एकदाही खरा जिंकलो नव्हतो. एकदा तिने मुद्दाम हरून दाखवलं होतं, ते मला इतकं झोंबलं की तिला शपथ घातली: पुन्हा असं करायचं नाही. रोज कामावरून आलो, की चहाआधी समुद्राकाठच्या रस्त्याचं तेच एक वळण घोटायचो. बायको म्हणायची, “इतकं पुरुषसूक्त घोटलं असतं तर मधेच अडला नसतात.”

शेवटचा रविवार उजाडला आणि माकडांनी इंटरनेटची तार चावली.

काशीत यात बातमी काही नाही. तारवाला म्हणाला, “कल देखेंगे, पंडितजी.” उद्या मला काय करायचा? घरात मोबाइलला धड रेंज नाही. आमची घरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की ऊनसुद्धा विचारून येतं. रेंज फक्त गच्चीवर. मग मी टीव्ही उचलला. जिना उंच आणि अरुंद, प्रत्येक वळणावर टीव्ही आधी की मी आधी हा प्रश्न. बायको मागून वायरी धरून येत होती, वरातीत नवरीचा शेला धरतात तशी, फक्त चेहरा वरातीतला नव्हता.

आमच्या गच्चीला माकडांसाठी चहूबाजूंनी लोखंडी जाळी आहे. जाळीच्या आत मी, टीव्ही, मशीन. बाहेर कठड्यावर माकडं रांगेने बसलेली. शेजारच्या छतावरून आवाज आला, “का गुरू, बंदरन के सनीमा देखइबा का?”

“रेस है,” मी म्हणालो. “आखिरी.”

मोबाइलच्या इंटरनेटवर मुलगी सापडली.

“बाबा, आवाज कुठून येतोय? कोण ओरडतंय?”

“माकडं. गच्चीवर आहे मी.”

“हद्द करता तुम्ही,” ती हसली. “चला, ही शर्यत संपली की सर्व्हर बंद. सोडणार नाहीये मी.”

“सोडू नकोस.”

ती नेहमीसारखी सुसाट पुढे गेली. पण त्या दिवशी ती बोलत नव्हती. पुलावर मी तिला गाठलं, बोगद्यात ती निसटली, आणि मग ते समुद्राकाठचं वळण आलं. मी ते असं घेतलं, की मलाच पटेना. पहिल्यांदाच आरशात मला तिची लाल गाडी मागे दिसली. समोर सरळ रस्ता, आणि शेवटची रेषा.

“बाबा, एक सांगायचं होतं,” ती म्हणाली.

“सांग ना.”

“गाडी बाजूला घ्या जरा.”

“हरायला लागलीस की बाजूला घ्या होय!”

“नाही, सच्ची. थांबा ना बाबा. रेषा ओलांडली की सगळं बंद होईल. मला तुम्हाला...”

मला वाटलं, डाव आहे. मग आरशात पाहिलं. लाल गाडी दूर रस्त्याच्या कडेला उभी होती. मी ब्रेक शोधला. पण जादा वेगाचं टर्बो बटण मी आधीच दाबलेलं, आणि आर्केड गाडी टर्बोवर असताना कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मी रेषेपार गेलो. पडद्यावर आतषबाजी झाली, माझ्या नावापुढे मोठा एक आला.

“जिंकलात,” ती म्हणाली. बारीक आवाजात.

“काय सांगत होतीस?”

पडद्यावर कंपनीने इतकी वर्षं सोबत केल्याबद्दल आभार मानले, आणि हेडफोनमध्ये काहीच उरलं नाही.

बायको वायरी गुंडाळायला खाली वाकली होती. मला नुसता बसलेला पाहून तिने विचारलं, “काय झालं?”

“जिंकलो.”

“मग तोंड असं का?”

“तिला काहीतरी सांगायचं होतं. थांबा म्हणाली.”

“आणि तुम्ही?”

“गाडी थांबेना.”

बायकोने टीव्हीशेजारी ठेवलेला माझा मोबाइल उचलून हातात दिला.

“फोन लावा तिला,” ती म्हणाली. “आईला देऊ का, असं विचारायचं नाही. मी खाली चाललेय. आणि ती बोलायला लागली, की या वेळी पुढे निघून जाऊ नका.”