बादलीतला मांजऱ्या

भूशास्त्र शिकायला लागले तेव्हा मी एका विशेषणावर भाळले होते. अमिग्डलॉइडल! मूळ ग्रीक, अर्थ बदामासारखा. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, पुढं त्यांत पांढरं खनिज भरतं आणि काळसर खडकात बदाम पेरल्यासारखे दिसतात. आमचे अण्णा विहिरी खोदतात. ते याच खडकाला मांजऱ्या म्हणतात. का, विचारलं तर म्हणाले, "मांजरावानी ठिपके हायेत म्हनून आसंल. आन् मांजरावानीच त्याचा भरवसा नाय."

मला हसू आलं. शिकलेली ना मी!

दौलताबादजवळ त्यांचं काम चालू होतं. अण्णांची रीत ठरलेली. नवा खडक लागला की त्याचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तो शाबूत असेल तरच खाली उतरायचं. त्या दिवशी असाच नवा खडक लागला होता; मी सोबत गेले आणि विहिरीच्या मालकासमोर शहाणपण पाजळलं. "अमिग्डलॉइडल बेसाल्ट आहे हा. एकसंध असतो, भेगा नसतात. बादली कशाला?"

अण्णा मालकाला म्हणाले, "पोरगी शिकलीय माझी," आणि क्रेनच्या पाळण्यात बसून खाली गेले.

फोटोत बदाम स्वच्छ दिसावेत म्हणून मी एक तुकडा त्याच बादलीत भिजत टाकला. तासाभरानं हात घातला तर बोटांना नुसता चिखल लागला. तळाशी पांढरे बदाम तेवढे सुटे पडले होते.

काठाकडं पळाले. "अण्णा, वर या!" इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू जाईना. क्रेनवाल्या काकांना ओरडून इंजिन बंद करायला लावलं. खालून पहारीचे घाव चालूच. समोरच्या भिंतीवरून माती भुरभुरत होती.

"अण्णा! मांजऱ्या आहे! विरघळला!"

पहार थांबली. अण्णा पाळण्यात बसले, इंजिन पुन्हा सुरू झालं. पाळणा इंच इंच वर येत होता आणि माझा जीव टांगणीला. त्यांचे पाय काठाला लागले न लागले तोच ती भिंत धाडकन खाली गेली. पहार, घमेलं, सगळं गाडलं गेलं.

मी रडत त्यांच्यावरच चिडले. "तुम्हाला सगळं माहीत होतं ना! मग उतरलात कशाला?"

अण्णांनी पाण्याचा तांब्या रिकामा करून खाली ठेवला.

"तुझ्यापुढं बादली मागायची लाज वाटली, बाय."