व्हेअरबाई

आमच्या इंग्रजीच्या बाईंना अख्खी सोसायटी व्हेअरबाई म्हणायची. दारात चपला काढतो न काढतो तोच आतून प्रश्न यायचा, "व्हेअर इज माय चष्मा?" चष्मा त्यांच्याच डोक्यावर असायचा. पण ते पूर्ण वाक्यात, इंग्रजीतच सांगावं लागे.

संध्याकाळी मकरपुऱ्याच्या कारखान्यातून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून उतरायचं, की मी तशीच त्यांच्याकडे. मला बढती हवी होती आणि माझ्याबरोबर शिकणाऱ्या, पादरा गावच्या हेतलला परदेशी जायचं होतं. पुस्तकाला बाईंनी कधी हात लावला नाही. चहा मांडायचा आणि विचारायचं, कप कुठे, खारी कुठे? "इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर टेकून. आधी डोळे उघडा, मग तोंड!" असं म्हणत हात पुढे धरायचा. आपण सांगू तिथेच तो जायचा.

एकदा चमचा समोर बशीवर होता आणि मी घाईत ठोकून दिलं, "इन द कप." बाईंनी बोटं थेट वाफाळत्या चहात घातली!

"अरे बापरे!" हेतल ओरडली. बाईंना दिसतच नव्हतं. इतके महिने धडा म्हणून आम्ही त्यांना त्यांचंच घर दाखवत होतो.

"कुठे बोललात तर याद राखा," बोटं फुंकत त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी केव्हाच हात टेकलेत. नंदूला कळलं तर तो मला उचलून पुण्याला नेईल. बाराव्या मजल्यावर बसून मी काय माशा मारू? इथे मला घर पाठ आहे, आणि तुम्ही आहात."

नंदू त्यांचा एकुलता एक मुलगा. तो रविवारी येणार म्हटल्यावर आम्ही रविवारीच वर्ग भरवला. "द फाफडा इज ऑन द प्लेट, द चटणी इज बिहाइंड द फाफडा," मी सुरू केलं. बाईंचा हात बरोब्बर चटणीवर. नंदू झोपाळ्यावर बसलेला बघून हेतलला तर चेवच चढला. "नंदूभाई इज ऑन द हिंचको, इन अ ब्लू शर्ट!"

"निळा शोभतो हं तुला, नंदू," बाई म्हणाल्या. काय ते नाटक! मला हसू आवरेना. नंदूही हसला. जिंकलो, असं वाटलं.

निघताना बॅग खांद्याला लावून तो थांबला. मग शाळकरी पोरासारखा सावकाश म्हणाला, "आई, आय अ‍ॅम अ‍ॅट द डोअर. युअर चप्पल्स आर बिसाइड माय लेफ्ट फूट."



"कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"फाफडा खाताना. लहानपणी तू शिकवायचीस तेव्हा मी चुकलो की तुझा हात थेट माझ्या कानावर यायचा. आज तो हलायच्या आधी या दोघींच्या उत्तराची वाट बघत होता."

बाईंनी चाचपत त्याचा चेहरा धरला. "मग, नेणार मला?"

नंदूने आमच्याकडे पाहिलं. डोळे पुसत म्हणाला, "नेलं तर या दोघींचं इंग्रजी कोण सुधारणार?"

हेतल गेली परदेशी. मला बढतीही मिळाली. तरी बसमधून उतरले की मी अजून बाईंकडेच जाते. आता प्रश्न बदललाय. "व्हेअर आर यू?"

"आले, बाई."

"आले म्हणजे कुठे? नीट सांग!"

मी हिंचक्यावर त्यांना खेटून बसते. "बिसाइड यू, बाई."