मरीमायच्या जागची गुळवेल

आमच्या सासरी भुतांना बंदी होती. थट्टा नाही करत. बाभुळगावच्या बाजूचं आमचं खेडं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणातल्या निंबाखालचा मरीमायचा शेंदरी दगड स्वतःच्या हातांनी उचलून नदीत सोडला आणि साऱ्या वस्तीला बजावलं, "आजपासून देव नाही, भूत नाही, भेव नाही." मी लग्न होऊन आले तेव्हा दगडाच्या आकाराचा खळगा तेवढा उरला होता. त्यात गवतसुद्धा उगवत नव्हतं.

रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात. मुकुटबनकडच्या माहेराहून मी तापावरच्या काढ्यासाठी गुळवेलीचं वीतभर कांडं आणलं होतं. शिंक्याला टांगून विसरले, तर मातीपाण्याशिवाय, हवेतच त्याला कोंब फुटला! एवढी जगायची हौस असलेल्या जिवाला नाही कसं म्हणायचं? लावलं त्याच खळग्यात.

दोन पावसाळ्यांत निंब वेलीखाली दिसेनासा झाला. लाल फळांवर बुलबुल आले, खारी आल्या. खालचा पालापाचोळा मी कुणाला झाडू देत नसे, खापरात पाणी ठेवत असे. पानांवर जाडजूड अळ्या आल्या, त्यांच्या कुशीवर मोठे डोळे. नुसते रंगवलेले, पण आपण सरकलो की आपल्याकडेच वळल्यासारखे. मला भारी मजा वाटे.

मग भर दुपारी वेलीच्या पोटातून आवाज येऊ लागला. हूप, हूप, हूप. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा. पानांआड एक लाल डोळा पेटे आणि विझे. भारद्वाज होता तो. मी त्याला काड्या नेताना पाहिलं होतं. पण पाखरू आहे हे पक्कं ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा यायचा, त्याला काय करू?

वस्ती कुजबुजू लागली, "मरीमाय परत येऊन राह्यली."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदा म्हणाल्या, "अवो, तोडून टाका ना थे झाड."

"कायले? भेव वाट्टे तुले?" मामाजींनी विचारलं.

"मले कायचं भेव!"

"मंग राहू दे."

पंचाईत पाहा. वेल तोडावी तर भ्यालो असं होतं, ठेवावी तर भ्यावं लागतं. अखेर मामाजी बाजाराला गेल्याचं पाहून आत्याबाईंनी विळ्यानं तिचा बुडखा कापला. आता वाळेल म्हणून आम्ही वाट पाहू लागलो. एक पान वाळलं नाही. उलट वरून धागे सुटले, बारीक, ओलसर, रोज थोडे आणखी खाली. कापलेली गुळवेल अशीच वरून मुळं सोडते आणि माती शोधते, हे मी सगळ्यांना सांगून दमले. पण खालून दिसत होतं ते असं, की झाडावर कुणी बाई केस मोकळे सोडून बसली आहे.

त्यातच शेजारणीच्या पोराला ताप भरला. ती दारात आली. "भाऊजी, तिची जागा तिले देऊन टाका. नाही त मी भगत आणतो, नवा दगड बसवतो."

मामाजींचा चेहरा उतरला. दगड परत आला असता, तर वस्तीनं सोडलेलं सारंच त्याच्यामागे परत आलं असतं. "पोराले आधी दवाखान्यात ने," ते म्हणाले. "आन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी साऱ्यायच्यासमोर तिच्याखाली बसतो. मले काही झालं त मंग तू म्हणशील थे."

त्या दिवशीही बैलांना सुट्टी, म्हणून बघ्यांनाही. मामाजी पांढरं धोतर नेसून वेलीखाली बाजेवर बसले.

"बुढेबा, हळद लावून बसायचं होतं!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला आणि ऊन चढलं तसा विरून गेला. वेलीत 'हूप' झालं. बायांनी पोरं जवळ ओढली. तेवढ्यात मामाजींच्या डोक्यावरचा एक धागा हलला. सावकाश झुलत खाली आला, मानेला टेकला आणि सदऱ्यात शिरला.

मामाजी ताठ झाले. तोंडावरचा रंग उडाला. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

"काय झालं वो, भाऊजी?" शेजारणीचा आवाज चिरकला.

मामाजींनी दोन बोटांनी धागा बाहेर काढला, लेकीची बट सारावी तसा बाजूला सारला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काही नाही. वारा सुटला."

"हो, वारा," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. शेजारीण पुढे आली, एकदा वर पाहिलं आणि बाजेच्या कडेवर बसली. तिच्या पोराचा ताप सुईनं उतरत आला होता. दगडाचं नाव पुन्हा निघालं नाही.

लोक पांगल्यावर मी पाणी नेलं. मामाजींच्या दातांवर गडवा वाजत होता.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "वारा होता ना?"

अंगणात माझं लुगडं वाळत होतं. सरळ, शिसं भरल्यासारखं.

"होता, मामाजी," मी म्हटलं. "मोठा होता."